हितचिंतकाची सोळा पाने

बाइंडरकाकांनी आयुष्यात मोठ्याने बोलायची वेळ शक्यतो येऊ दिली नाही. दुकानात गिऱ्हाईक आले की ते आधी पुस्तकाकडे बघत, त्याची दशा पाहून "च्च" करत, आणि काम कधी होईल ते बोटांनी दाखवत. चार बोटे म्हणजे चार दिवस. "उद्याच हवंय हो," असे कुणी म्हणाले की पाचवे बोट वर होई.

दुकान म्हणजे घराच्या जिन्याखालची लांबट खोली. एका बाजूला पुठ्ठे, कापडाचे तागे, खळीचे पातेले आणि लोखंडी दाब. दुसऱ्या बाजूला खिडकीशी काकूंचे स्टूल. सुई-दोऱ्याचे काम काकूंचे. सोळा पानांचा एक फर्मा, असे एकामागून एक फर्मे शिवून त्या गठ्ठा तयार करत आणि काका त्याला सरस, पुठ्ठा आणि कापड चढवत. पुस्तकाच्या आतले काम बायकोचे, बाहेरचे त्यांचे. घरातही साधारण तीच वाटणी होती. दारावर पाटी होती : 'जुन्या पुस्तकांची पुनर्बांधणी करून मिळेल.' अक्षरे काकांनीच काढली होती, म्हणून ती लहान होती.

असा हा माणूस शनिवारी दुपारी दुकान बंद करून गळ्यात पिवळा मफलर घाले आणि फुटबॉलच्या मैदानावर जाई. गोलाच्या अगदी मागे, पहिल्या रांगेत, चौदा नंबरच्या खुर्चीवर तो एकतीस वर्षे बसत होता. तिथेही ओरडत नसे. आपला गोल झाला की मफलर काढून घडी घाली, विरुद्ध संघाने गोल केला की घडी मोडून पुन्हा गळ्यात गुंडाळी. हल्ली मफलर गळ्यातून निघतच नव्हता.

ओरडायचे काम शेजारचे मास्तर करत. ते निवृत्त भूगोल शिक्षक. तीस वर्षे शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज आता मैदानाच्या मध्यापर्यंत पोचे. "अरे, तुझी दिशा कुठली? उत्तर विचारलं तर दक्षिणेला काय पळतोस?" असे ते आघाडीच्या खेळाडूला विचारत. खेळाडू वळून बघे, आणि तेवढ्यात चेंडू जाई.

पिवळ्यांची, म्हणजे काकांच्या संघाची, अवस्था खरोखरच बघवत नव्हती. एके काळी लीगमध्ये तिसरे आलेले हे लोक आता तळातून तिसरे होते. शेवटचे तीन संघ खालच्या गटात ढकलले जाणार होते. गेल्या नऊ वर्षांत क्लबने पाच प्रशिक्षक बदलले. पहिला म्हणाला, बचाव करा. दुसरा म्हणाला, हल्ला करा. तिसऱ्याने खेळाडूंना डोळे मिटून श्वास घ्यायला लावले. त्यात गोलरक्षक फारच तरबेज निघाला. चौथा बोलायचा काय ते दुभाष्यालाही कळत नसे. पाचवा अजून होता, पण त्याने भाड्याचे घर घेतले नव्हते, हॉटेलातच राहत होता. मास्तर म्हणत, "शहाणा माणूस. बॅग उघडलेलीच नाही त्यानं."

दरवर्षी मोसमाच्या सुरुवातीला अध्यक्ष जाहीर करत : "हे वर्ष पुनर्बांधणीचे आहे." अध्यक्ष बदलले, वाक्य बदलले नाही. आणि पुनर्बांधणी म्हणजे काय, तर एका वर्षी शर्टाचा पिवळा रंग थोडा गडद झाला. एका वर्षी तो पुन्हा फिका झाला. बोधचिन्हावर गरुड होता, तो काढून त्या जागी एक वाकडी रेघ आली. क्लबने पत्रक काढले की हा गरुडच आहे, फक्त त्याचा वेग दाखवला आहे. लोक त्याला हँगर म्हणू लागले.

या एका शब्दाने बाइंडरकाकांचे डोके फिरे. त्यांच्या पाटीवरचाच शब्द तो! पुनर्बांधणी कशी करतात हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? आधी जुना पुठ्ठा काढायचा. मग कुजलेला दोरा तोडून फर्मे सुटे करायचे. कुठले पान फाटले, कुठले नुसतेच दुमडले ते बघायचे. मग नव्या दोऱ्याने शिवायचे. पुठ्ठा सगळ्यात शेवटी. "आणि हे लोक," काका घरी येऊन खळ ढवळत पुटपुटत, "नऊ वर्षं नुसता पुठ्ठा बदलतायत."

"मला काय सांगता? त्यांना सांगा," काकू सुईत दोरा ओवत म्हणत.

तर काकांनी तेही केले होते. दर मोसमात ते क्लबला एक सविस्तर पत्र लिहीत. नऊ वर्षांत नऊ पत्रे गेली. उत्तर एकाचेही आले नाही, कारण प्रत्येक पत्राखाली सही होती 'एक हितचिंतक' आणि पत्ता नव्हता. नाव लिहायचे म्हटले की त्यांच्या हाताला घाम फुटे. उगाच कुणाला वाटायचे, हा कोण टिकोजीराव?

"निनावी पत्राचं उत्तर कुठं पाठवतील ते?" काकू विचारत. "कावळ्याच्या पायाला बांधून?"

या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. या वर्षी काकांना रोग सापडला होता, आणि तो दुसऱ्या कुणाला सापडणे शक्यच नव्हते. वार्ताहर बसतात मैदानाच्या मध्यावर, काचेच्या खोलीत. अध्यक्ष बसतात त्याच्याही वर, गादीच्या खुर्चीत. टीव्हीवर ऐकू येतो तो समालोचक. पण गोलाच्या मागच्या पहिल्या रांगेत बसणाऱ्याला गोलरक्षकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. आणि काकांना काय ऐकू आले, तर काहीच नाही. उंच चेंडू गोलासमोर येई. गोलरक्षक पुढे धावे, डावा बचावपटूही धावे. दोघे चेंडूपाशी पोचत, एकमेकांकडे बघत, थांबत, आणि चेंडू दोघांच्या मधून निवांत गोलात जाई. दुसऱ्या कुठल्याही संघात अशा वेळी कुणीतरी "माझा!" म्हणून ओरडतो. हे दोघे दोन वर्षे एकमेकांशी एक अवाक्षर बोलले नव्हते. गाडी लावायच्या जागेवरून त्यांचे वाजले होते म्हणे. खरेखोटे तेच जाणोत. पण काकांनी मोजले होते : दोन मोसमांत अकरा गोल त्या मुक्या जागेतून गेले होते. ते अकरा नसते, तर पिवळे आज गुणतक्त्याच्या मध्यावर सुखाने लोळत असते.

हे क्लबमधल्या कुणीतरी, मोसम संपायच्या आत, एकदा वाचावे एवढीच काकांची इच्छा होती. क्लब खालच्या गटात गेला तर दोन वर्षांत बंदच पडेल, असे सगळेच म्हणत. मग चौदा नंबरची खुर्ची कुठली आणि शनिवार कुठला?

म्हणून त्यांनी दहावे पत्र लिहिले. जुन्या रजिस्टरांतून निघालेले कोरे, पिवळट कागद त्यांनी जपून ठेवले होते, ते घेतले. चार ताव दुमडले की सोळा पाने होतात, तेव्हा सोळा पाने लिहिली. सांगायचे खरे तर थोडे होते. पण फर्म्यातले पान कोरे सोडणे बाइंडरच्या जिवावर येते. अक्षर वळणदार, शाई काळी. कुणाचे नाव घेणे बरे दिसत नाही, म्हणून खेळाडूंची नावेही टाळली. खाली सही : एक हितचिंतक.

ते पोस्टात टाकायच्या आदल्याच दिवशी क्लबकडून पत्र आले. छापील कागद, वर हँगर. 'पुनर्बांधणीच्या कामासंदर्भात आपल्याशी चर्चा करावयाची आहे. बुधवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयात यावे. — चिटणीस.'

काकांनी पत्र तीनदा वाचले. मग खाली बसले. त्यांना अक्षरावरून ओळखले असणार. नऊ वर्षे कुणीतरी वाचत होते तर!

"जा की मग," काकू म्हणाल्या. "आणि बोटं दाखवू नका तिथं. तोंडानं बोला."

बुधवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, सोळा पाने आतल्या खिशात ठेवली आणि पावणेअकरालाच क्लबच्या दारात जाऊन उभे राहिले. वाटेत त्यांनी सुरुवातीचे वाक्य पाठ केले होते : "मला अनुभव नाही, पण थोडं मागून बघितलंय."

चिटणीस घाईत होते. त्यांनी काकांना बसायलाही सांगितले नाही; थेट एका कपाटापाशी नेले आणि दार उघडले. आतून धूळ आणि कागद एकदमच बाहेर आले. क्लबला पंचाहत्तर वर्षे होत होती. पहिल्या सभांची हस्तलिखित इतिवृत्ते आणि पुढचे छापील अहवाल, सगळे सुटे झाले होते. नव्या अध्यक्षांना त्या सगळ्याचा एक जाडजूड ग्रंथ करून दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायचा होता.

"पाटीवर पुनर्बांधणी वाचलं, म्हणून तुम्हाला बोलावलं," चिटणीस म्हणाले. "किती दिवस लागतील?"

काकांचा हात आतल्या खिशाकडे गेला होता. तो तिथून परत आला आणि त्याने दोन्ही पंजे उघडून दाखवले.

घरी आल्यावर काकूंनी विचारले, काय चर्चा झाली. काकांनी पोत्यातले कागद जमिनीवर ओतले. काकूंनी त्या ढिगाकडे पाहिले, नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिले, आणि पुढे काही विचारले नाही. त्यांच्यासारख्या बाईने टोमणा गिळला, यावरून प्रकरण किती लागले होते ते कळावे.

मग दहा दिवस पिवळ्यांचा इतिहास जिन्याखाली पसरला. बाइंडरचा नियम असतो : पान गाळू नये, पान घालू नये, आणि वाचू तर नयेच. काकांनी तो एकतीस वर्षांच्या शनिवारांइतकाच कसोशीने पाळला होता. पण पाने क्रमाने लावताना नजर जातेच. सदतीस अहवालांपैकी बावीस अहवालांचे पहिले वाक्य होते : 'हे वर्ष पुनर्बांधणीचे आहे.' एका वर्षी तर ते 'पुनर्बाधणीचे' असे छापले होते, आणि पुढची तीन वर्षे चूक तशीच उतरली होती.

जुनी इतिवृत्तेही तशीच पिवळट कागदावर, तशाच काळ्या शाईत होती. काकांची सोळा पाने टेबलावर होती. एका दुपारी त्यांनी ती उचलून इतिवृत्तांच्या ढिगात ठेवली. अगदी बेमालूम बसली. त्यांनी खिडकीकडे पाहिले. काकू मान खाली घालून शिवत होत्या. काकांनी पाने काढून घेतली. थोड्या वेळाने पुन्हा ठेवली आणि पुन्हा काढली. शेवटी स्वतःचीच लाज वाटून त्यांनी ती कपाटाच्या माथ्यावर, हात पोचणार नाही अशी फेकली, आणि त्यानंतर तिकडे वर बघायचेच नाही असे ठरवले. शिवून झालेला गठ्ठा काकूंनी दिला तो त्यांनी नेहमीप्रमाणे न उघडता दाबात घातला. वर लालभडक कापड, त्यावर सोनेरी अक्षरे. ग्रंथ असा झाला की बघणाऱ्याला वाटावे, या क्लबने जग जिंकले असेल.

प्रकाशनाचा समारंभ शुक्रवारी होता. मोसमाचे दोनच सामने उरले होते. दिवाणखान्यात सगळा संघ सूट घालून मागे ओळीने उभा होता. गोलरक्षक एका टोकाला होता आणि डावा बचावपटू दुसऱ्या. काका दाराशी, पडद्याच्या जरा मागे उभे राहिले.

नवे अध्यक्ष न्हाणीघराच्या फरशांचे कारखानदार होते. ते प्रत्येक भाषणात 'पाया' आणि 'चकाकी' हे दोन शब्द वापरत. त्यांनी ग्रंथ हातात घेतला, छायाचित्रासाठी उघडला. तो बरोबर मधोमध उघडला. अध्यक्ष म्हणाले की चला, आपल्या थोर संस्थापकांचे दोन शब्द ऐकू या, आणि वाचू लागले :

"पाने चांगली आहेत. एकही पान टाकण्यासारखे नाही. शिवण सुटली आहे. शिवण सुटलेल्या पुस्तकाला नवा पुठ्ठा घातला, तर पुठ्ठा राहतो आणि पुस्तक जाते."

दाराशी काकांनी पडदा धरला.

"वा," अध्यक्ष म्हणाले आणि पुढे वाचले, "मागे उभे असलेले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. चेंडू त्यांच्या मधून जातो. रागाचे कारण काही का असेना, मैदानात एक शब्द पुरे : माझा."

मागच्या ओळीत गोलरक्षकाचे कान लाल झाले. दुसऱ्या टोकाचा डावा बचावपटू स्वतःच्या बुटांची लेस निरखू लागला. बुटांना लेस नव्हती.

अध्यक्षांचे मात्र डोळे भरून आले होते. त्यांनी ग्रंथ मिटला. सत्तर वर्षांपूर्वी या महापुरुषांनी आपला रोग ओळखला होता, असे ते म्हणाले. मागे उभे असलेले दोघे म्हणजे कालची पिढी आणि आजची पिढी, असा त्यांनी उलगडाही केला. आणि क्लब संस्थापकांचा शब्द खाली पडू देणार नाही. उद्यापासून शिवणीवर लक्ष दिले जाईल.

टाळ्या झाल्या. काकांना वाटले, आता पायांखालची फरशी सरकणार. पण ती अध्यक्षांच्या कारखान्यातली असल्यामुळे की काय, सरकली नाही.

ते तडक घरी आले. काकू नव्या कामाचे फर्मे मोजत होत्या.

"अगं, ती पानं?"

"कुठली?"

"कपाटावरची."

"ढिगात सोळा पानांचा फर्मा होता, मी शिवला," काकू म्हणाल्या. "ढिगातलं शिवायचं, वाचायचं नाही. नियम तुमचाच."

"ती ढिगात नव्हती, कपाटावर होती!"

"मग ढीगच गेला असेल तिथवर. केवढा होता तो!" काकूंनी दोरा ओढून घट्ट केला. "आणि मधोमध शिवला. जाड पुस्तक हातात घेतलं की माणूस ते मधूनच उघडतो. दहा पत्रं लिहिलीत, पण कुठं ठेवायची ते सुचलं नाही तुम्हाला."

काकांनी खळीचे पातेले उचलले आणि त्याबरोबर काकूंच्या वाटणीची भांडीही घासून टाकली.

शिवणीवर लक्ष दिले गेले. आठवड्याभरात क्लबने नवे शर्ट आणले, सगळ्या शिवणी दुहेरी, त्याही बाहेरून दिसतील अशा लाल दोऱ्याने. पत्रक निघाले : 'संस्थापकांच्या विचारांतून साकारलेला शर्ट.' तो घालून पिवळे शनिवारी दोन गोलांनी हरले. मास्तर म्हणाले, "एक मान्य करू. फाटला नाही." काकांनी मफलर तोंडापर्यंत वर घेतला.

आता शेवटचा सामना. बरोबरी झाली तर क्लब वाचणार, हरला तर खाली. काका चौदा नंबरवर बसले. एक-एक गोल झाला होता. काकांनी मफलर काढून घडी घातली होती आणि तो पुन्हा गळ्यात गुंडाळला होता. शेवटची चार मिनिटे उरली. अध्यक्ष वर गादीच्या खुर्चीत उभे राहून शिवणींकडे बघत होते.

उजव्या कोपऱ्यातून चेंडू उंच आला. काकांना तो चेंडू पाठ होता. अकरा वेळा पाहिला होता त्यांनी. गोलरक्षक पुढे निघाला. डावा बचावपटूही निघाला. दोघांच्या मध्ये ती जागा उघडली. मास्तरांनीसुद्धा डोळे मिटून घेतले.

आणि काकांनी तो शब्द ऐकला. घसा न वापरल्यामुळे गंजलेला, फाटका आवाज होता तो. तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नसेल.

"माझा!"

डावा बचावपटू जागच्या जागी थांबला, खाली वाकला, आणि गोलरक्षकाने त्याच्या डोक्यावरून चेंडू दोन्ही हातांनी छातीशी घेतला. मग त्याने खाली वाकलेल्याच्या पाठीवर एक थाप मारली. जरा जोरातच मारली. गाडीच्या जागेचे थोडे त्यात असावे.

क्लब वाचला. लोक मैदानात उतरले. अध्यक्षांनी वार्ताहरांना सांगितले की शिवणीने करून दाखवले, आणि पुढचे वर्ष पुनर्बांधणीच्या दुसऱ्या टप्प्याचे असेल. दोऱ्याचा रंग निळा करण्याचा विचार आहे. मास्तर आवाज बसेपर्यंत ओरडले, आणि आवाज बसल्यावर काकांच्या कानाशी येऊन विचारले, "तुम्हाला काय वाटतं हो, कशानं वाचलो?" काकांनी खांदे उडवले, मफलरची नीट घडी घातली आणि घरचा रस्ता धरला.

काकू खिडकीशी होत्या. रस्त्यावरच्या आरड्याओरड्यावरून निकाल त्यांना कळलाच होता; तरी त्यांनी विचारले, काय झाले.

"बोलला," काका म्हणाले.

"कोण?"

"गोलकीपर."

"काय बोलला?"

"माझा."

काकूंनी दाताने दोरा तोडला.

"आणि एवढ्यासाठी सोळा पानं लिहिलीत?"